दिग्रसचा वायरलेसवाला

दिग्रसला सगळे ज्यांना वायरलेसवाले म्हणत, त्यांचा वायरलेस संच बनवायचा छोटा कारखाना आमच्या दुकानाच्या वरच होता. समोरच्याचं बोलणं संपलं तरी ते क्षणभर थांबत आणि मगच तोंड उघडत. वायरलेसवर बोलायची सवयच ती; चहावाल्याशीसुद्धा तसंच.

कापसाचे दिवस फिरले, सरकी काढायच्या जिनिंग बंद पडू लागल्या आणि तिथे फाटकावरून वजनकाट्यावरच्या माणसाशी बोलायला घेतलेले त्यांचे संच परत येऊ लागले.

"भंगारात काढा आता," मी म्हणालो.

"कायले? आवाज चांगला आहे ना त्याईचा."

त्यांनी ते संच उघडून लांबवर बोलतील असे नव्याने जोडले. परवाने मिळवले आणि झरी जामणीकडच्या जंगलातल्या गावांमध्ये नर्सबाईंना स्वतः एस.टी.ने नेऊन दिले.

एका पावसाळी दुपारी मी वर कारखान्यात बसलो असताना तिथल्या संचावर तिकडून एका नर्सचा घाबरा आवाज आला. नाल्याला पूर होता आणि एक बाळंतपण अडलं होतं. त्यांनी मला पिटाळून समोरच्या डॉक्टरबाईंना बोलावून घेतलं. बाई सांगत आणि ते तेच शब्द सावकाश पुढे पाठवत. मधेच ते आपल्या मनानं म्हणाले, "सिस्टर, भिऊ नका. आमी कुठीच जाऊन नाही राह्यलो."

संध्याकाळ होत आली तेव्हा खरखरीतून बाळाचं रडणं आलं. कारखान्यात तारेच्या कॉइल गुंडाळणाऱ्या बाया हातातलं काम टाकून उठल्या. इतक्या लांबचं, आत्ताच जन्मलेलं पोर आमच्या खोलीत रडत होतं. ते संचासमोर हात जोडून उभे होते. मी नकळत पायातल्या चपला काढल्या.