अर्ध्या गोळीचे डॉक्टर

आमच्या डॉक्टरांना अख्खा शहापूर ‘अर्ध्या’ म्हणायचा. काल ते गेले, आणि आज तोच शहापूर स्टेटसला फोटो लावून ‘देवमाणूस’ लिहितोय.

वा रे वा!

मी दहावीत होते. काविळीनंतर बाबांचं लिव्हर कडक झालेलं. रक्ताची उलटी झाली, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलनं वाचवलं. परत रक्त येऊ नये म्हणून गोळी लिहून दिली, दोन वेळा एक-एक.

आमच्या डॉक्टरांनी बाबांची नाडी धरली, घड्याळ बघितलं आणि ब्लेडनं गोळी अर्धी केली.

काका भडकले. “मोठा डॉक्टर पूर्ण देतो, तुमी अर्धी? आमी गरीब म्हणून?”

“भातसा धरणाचं पाणी मुंबईला जातं. तुझ्या हंड्यात पडतं काय रे?”

“नाय.”

“तसंच याचं रक्त लिव्हरला वळसा घालून जातं. गोळी मोडायचं काम लिव्हरचं. रक्तच तिथं पोचलं नाय तर मोडणार कोण? गोळी अंगात साठत जाणार, नाडी मंदावत जाणार. याला अर्धीच पुरे.”

मग STD बूथवरून मुंबईला फोन लावून तिथल्या डॉक्टरांनाही हेच ठणकावलं. “नाडी मी मोजतोय, तुम्ही नाही!” तिकडून उत्तर आलं, बरोबर आहे.

पण काकांना कुठलं पटायला? भाताची लावणी तोंडावर आलेली, भाऊ उभा राहायला हवा. मला म्हणाले, “पूर्ण दे गो, ताकद येईल.”

मी दिली. दोन्ही वेळा, पूर्ण.

चौथ्या दिवशी बाबा बांधावरच कोसळले.

डॉक्टर स्कूटरवर आले. नाडी जेमतेम अडतीस.

“काय दिलं?”

काका म्हणाले, “तुमी सांगितली तीच.”

मी म्हटलं, “पूर्ण. मी दिली.”

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि नाडी वर येईपर्यंत बाबांजवळून हलले नाहीत. मग माझी बोटं बाबांच्या मनगटावर ठेवली.

“मोज. पंचावन्नच्या खाली गेली तर गोळी नाय, मला बोलवायचं. काका सांगू दे नायतर देव सांगू दे!”

बाबा पुढे अकरा वर्षं जगले. माझं लग्न बघितलं. रोज सकाळी मी नाडी मोजायचे, सासरी गेल्यावर आई मोजायची.

आणि काकांनी बाजारभर काय सांगितलं? अर्धी गोळी देऊन डॉक्टरनं माझ्या भावाला मारलाच होता! ते नाव तेव्हापासून पडलं. निम्मे पेशंट मुरबाडला जायला लागले. डॉक्टरांनी कधी खुलासा केला नाही. केला असता तर माझं नाव आलं असतं.

मी गप्प बसले. याची मला लाज वाटते.

म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते. पूर्ण गोळी मी दिली होती, काकांच्या सांगण्यावरून. काका, तुम्हीही ‘देवमाणूस’ लिहिलंय, वाचलं मी. ही पोस्ट डिलीट होणार नाही. खुशाल स्क्रीनशॉट काढा आणि भावकीच्या ग्रुपवर टाका.

डॉक्टर, तुमचा डोस बरोबर होता. सांगायला उशीर केला, माफ करा.

तुमच्या पाया पडते.