टेक्सास भोजनालयाची भाकर

१२ जानेवारी १९६८. पहाटे धुकं, नऊनंतर स्वच्छ ऊन. वारा नाही.

माझ्या वहीत हवामानाला एक ओळ पुरते. समोरच्या हॉटेलला मात्र दसऱ्यापासून पानंच्या पानं लागताहेत. एक किस्सा लिहून वही मिटावी, तर संतू पाटील माझ्या शिलाई मशीनजवळ बसून दुसरा सुरू करतात.

हॉटेल नामदेवाचं. धाड गावच्या एसटी स्टँडजवळ, माझ्या टेलरिंगच्या दुकानासमोर. दोन वर्षं तो टेक्सासला कापसाची शेती शिकायला गेला होता. तिथं मेक्सिकोच्या मजुरांच्या खानावळीत जेवला आणि त्यांचा स्वयंपाकच शिकून आला. मक्याची पातळ भाकर, तिच्यात चवळीची घट्ट उसळ, वर टोमॅटो-मिरचीची चटणी, आणि मधोमध घडी.

त्याचे वडील किसनबाबा वांगी-कांद्याचे बागायतदार. ते म्हणाले, "नांगर शिकाले पाठवला, तवा शिकून आला." त्यांनी संक्रांतीपर्यंत मुदत दिली. तोवर हॉटेल चाललं नाही, तर नामदेवानं मळ्यातल्या पाण्याच्या इंजिनावर यायचं. आपण हॉटेलची पायरी चढणार नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं.

पहिल्या दिवशी पहिली ताटली पाटलांपुढे आली. त्यांनी घडी उलगडली, भाकर ताटलीत पसरली आणि तुकडा मोडला.

नामदेव म्हणाला, "पाटील, घडीसकट खा लागते. टाको म्हणतात याले."

"ढोरं चारताना लहानपणी आम्ही असंच खात होतो बे. त्याच्यासाठी अमेरिकेच्या इमानात कायले बसला?"

चटणीबद्दल नामदेवाचा फार अभिमान. "जपून घ्या, तिकडे लोक रडतात हे खाऊन." पाटलांनी अख्खी वाटी चमच्यानं कोशिंबिरीसारखी संपवली.

"गोड हाय," म्हणाले. "आता ठेचा आण."

दुसऱ्या दिवसापासून टेक्सास भोजनालयात ठेचा सुरू झाला.

रोज बारा वाजता किसनबाबा येत. नामदेवाच्या आईनं फडक्यात बांधून दिलेल्या ज्वारीच्या दोन भाकरी माझ्या दुकानातल्या खिळ्याला अडकवत. "त्याले द्या मास्तर. तिथलं खाऊन पोट बिघडन त्याचं." समोर बघतसुद्धा नसत.

नामदेव माझ्याकडे येऊन जेवायचा. एकदा पाटलांनी पाहिलं. "मालकच घरचं खाऊन राह्यला, तं गिऱ्हाइकानं काय पाप केलं?"

तेव्हापासून तो कपडे घालून बघायच्या पडद्यामागे जेवू लागला. एका गिऱ्हाइकानं पँट घालून बघायला पडदा सारला, तर आत नामदेव कांदा फोडत होता.

खरी अडचण बाजाराच्या दिवशी कळली. हॉटेल भरलं. नामदेवानं घाईनं चाळीस भाकरी थापल्या. लोकांनी आपापली फडकी सोडली, घरच्या भाकरी काढल्या आणि नुसती उसळ मागितली. नामदेव एका म्हातारीला म्हणाला, "मावशी, आमची भाकर तं खाऊन पाहा."

"नको रे बावा. हाटेलात भाकर खाल्ली तं गावात म्हणतीन, हिची सून हिले बांधून देत नाई."

संध्याकाळी चाळीसपैकी सदतीस भाकरी पाटलांच्या बैलांनी खाल्ल्या. "त्यायनं घडी नाई मोडली," पाटलांनी कळवलं.

भाकर वाचवली एसटीच्या एका ड्रायव्हरनं. घर खामगावला, मुक्काम कुठंही. "मले कोण बांधून देते? टाक चार," म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्यानं आणखी दोघांना आणलं. पण किसनबाबांचा हिशेब वेगळा होता. "परक्यायनं खाल्लं म्हणजे चाललं काय? गावातला कोणी खाते का भाकर?"

संक्रांत दोन दिवसांवर आली.

आज पावणेबाराला मी दुकानाला कुलूप लावलं आणि हॉटेलात जाऊन बसलो. बाजूला पाटील. बारा वाजता किसनबाबा फडकं घेऊन आले. कुलूप पाहिलं. खिळा आत. थोडा वेळ रस्त्यात उभे राहिले आणि मग पायरी चढले.

"मास्तर, दुकान काऊन बंद?"

"जेवाले आलो, बाबा."

नामदेवाच्या हाताला मक्याचं पीठ. तो म्हणाला, "बाबा, बसा. भाकर घरचीच हाय. मी नुसती उसळ देतो."

किसनबाबा बसले. फडकं सोडलं. एक भाकर संपली. उसळ पुन्हा मागितली. दुसरी भाकर संपली. ठेचा मागितला. तिसऱ्यांदा उसळ घेतली तेव्हा फडकं रिकामं होतं. त्यांनी फडक्याकडे पाहिलं, मग तव्याकडे.

"टाक एक."

नामदेवानं सवयीनं घडी घालून दिली. पाटील पुढं वाकले. किसनबाबांनी घडी उलगडली नाही.

हात धुऊन ते पायरीवर थांबले. "इंजिनावर माणूस पाहा लागन आता," पाटलांना म्हणाले. मग नामदेवाला म्हणाले, "तुह्या मायनं अजून खाल्ली नाई."

एक वाजून दहा मिनिटांनी फडकं घरी गेलं. आत मक्याच्या दोन भाकरी होत्या.