नवरीच्या मागचा पडदा

माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे न पाहता त्याच्या मागच्या भिंतीकडे पाहणारा उभ्या गोंदिया जिल्ह्यात एकच इसम आहे, आणि तो नेमका माझा साडभाऊ आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्यामुळे काही बोलायचीही सोय नाही. तरुणपणी ते हैदराबादला एका कार्टून कंपनीत होते. उंदीर आणि मांजर काढणारे वेगळे. साडभाऊंनी नोकरीभर ते उंदीर-मांजर ज्याच्यापुढे पळतात ते स्वयंपाकघर रंगवलं. ओटा, नळ, भिंतीतलं बीळ. कोण कुठून येणार, कुठे उभा राहणार, कुठे आपटणार, त्याची जागा चित्रात आधीच आखून ठेवायची. याला ते लेआउट म्हणतात. पुढे कॉम्प्युटर आले, हाताने रंगवणाऱ्यांची गरज संपली आणि ते गोंदियाजवळ मुर्रीला घर बांधून राहिले. तेव्हापासून आम्हाला सुख म्हणून नाही.

त्यांच्यासोबत कार्टून पाहणं ही शिक्षा आहे. मांजराच्या डोक्यात हंडा पडतो, पोरं लोळून हसतात, आणि हे टीव्हीजवळ जाऊन मांजरावर तळहात ठेवतात. "त्याच्याकडे कायले पाहून राहिले? मांगची खिडकी पाहा. ऊन कसं उतरलं आहे." एवढ्यावर थांबले तरी चाललं असतं. जुन्या कार्टूनमध्ये जी वस्तू हलणार असते ती वेगळ्या पारदर्शक कागदावर काढून मागच्या चित्रावर ठेवलेली असते, म्हणून तिचा रंग बाकीच्यांपेक्षा जरा सपाट दिसतो. ही विद्या त्यांच्याकडे असल्यामुळे कपाटाचं कोणतं दार उघडणार आणि डोंगरावरचा कोणता दगड गडगडणार, हे ते आधीच जाहीर करून टाकतात. माझी मुलगी लहान असताना एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली, "मावसाजी, तुम्ही बाहेर बसा ना." ते खरंच बाहेर जाऊन बसले, आणि खिडकीतून सांगू लागले.

एसटीत त्यांच्या शेजारी बसू नये. गोरेगावहून गोंदियाला जाताना धानाचे बांध, पळस, विजेचा खांब, पुन्हा बांध असं चालू असतं. मध्येच हे कोपर मारतात. "पाहा, तोच पळस परत आला. एकच चित्र फिरवून राहिले." पळापळीच्या प्रसंगात एक लांब चित्र काढून तेच पुन्हा पुन्हा सरकवायची त्यांच्या कंपनीची पद्धत होती म्हणे. पुढच्या सीटवरचा माणूस घाबरून वळून पाहतो आणि मला ओशाळं हसावं लागतं. आमच्या नव्या घरापुढे आम्ही ठेवणीतले कपडे घालून उभे राहिलो आणि मोबाइल यांच्या हातात दिला. फोटोत ओसरी आली, मोगऱ्याचा वेल आला, भिंतीवरचं ऊन आलं, आणि कोपऱ्यात माझा एक कान आला. विचारलं तर म्हणतात, "तुम्ही मधात उभे होते, भाऊ. समदं झाकून जात होतं."

अशा माणसाच्या हाती मी पोटच्या पोरीचं लग्न दिलं. म्हणजे दिलं नाही, त्यांनी घेतलं. मुलगा तिरोड्याचा. माणसं चांगली, पण मानपानाला कडक. एकुलत्या एका लेकीच्या लग्नात कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये, एवढ्या एकाच काळजीने मला घेरलं होतं. डेकोरेशनवाल्याने स्टेजमागे पांढऱ्या प्लास्टिकच्या फुलांची भिंत ठरवली होती. साडभाऊंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "आपल्या बौद्धांत नवरी पांढऱ्या साडीत. मांगं पांढरे फुलं. मंग पोरगी दिसन कुठं?" हे माझ्या बायकोला पटलं, म्हणजे विषय संपला.

त्यानंतर लग्नापर्यंत आमच्या ओसरीत साडभाऊ रंगवत असलेल्या पडद्याचं कापड पसरलेलं होतं. पाहुण्यांनी भिंतीला पाठ घासत घरात यायचं. वरणाच्या वाट्यांमध्ये रंग. मी चुकून कापडाच्या कडेवर पाय ठेवला तर ओरडले, "तिकडून नका येऊ, चिखल आहे." चिखल त्यांनी रंगवलेला होता. मधूनच मुलीला हाक मारायचे, उभी करायचे, एक डोळा मिटून तिच्या मागे कुठेतरी पाहायचे आणि जा म्हणायचे. रंग पाहावेत तर ना लाल ना सोनेरी, सगळं करडं, हिरवट, मळकट. लग्नघरात हे काय म्हणून मी रोज आरडाओरडा करायचो आणि ते रोज ब्रश धुवायचे.

लग्नाच्या दिवशी वंदना झाली, मुलगी स्टेजवर उभी राहिली आणि मांडव एकदम शांत झाला. त्या मळकट रंगांत ऊन पडल्याची एक जागा होती, तिथे ती उभी होती, आणि तिच्याशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं. मला भरून आलं. तेवढ्यात नवऱ्या मुलाचे काका माझ्यापाशी आले. "आमचा पोरगा झुडपात काऊन उभा केला?"

पाहतो तर खरंच. ऊन एकाच माणसापुरतं, आणि जावई शेजारी रंगवलेल्या झुडपाच्या काळ्या सावलीत. मी धावत साडभाऊंना गाठलं. त्यांनी स्टेजकडे पाहिलं आणि चेहरा पार उतरला. "नवऱ्याचं ध्यानातच नाही राहिलं, भाऊ."

"अहो, लग्नाचा पडदा ना हा?"

"मी तर पोरीचाच रंगवून राहिलो होतो."

माझी मान खाली जायची वेळ आली होती. पण मुलीने सगळं पाहिलं असावं. तिने जावयाची बाही धरली आणि त्याला आपल्याजवळ उन्हात ओढून घेतलं. दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले. बायका हसल्या, काकाही हसले. "आता दिसून राहिला," म्हणाले.

संध्याकाळी तिरोड्याची गाडी गेली. मांडवात उलट्यापालट्या खुर्च्या उरल्या. मी पुढच्या एका खुर्चीत बसलो आणि इतके दिवस शिव्या घातलेला तो पडदा पहिल्यांदा नीट पाहिला. आमचीच गल्ली होती ती, सकाळची. अर्धं उघडं फाटक, भिंतीला टेकवलेली तिची शाळेची सायकल, पलीकडे बांध. आणि मधोमध ते ऊन, बरोबर तिच्या उंचीचं, आणि आत कोणी नाही. साडभाऊ शेजारी येऊन बसले.

डेकोरेशनचा माणूस शिडी घेऊन आला. "साहब, परदा उतार दूं?"

"राहू दे थोडा वेळ," मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं.