इवायांनी पाहिलेलं वाशीम

आमच्या इवायांनी जेवढं वाशीम पाहिलं तेवढं आजवर कोणी पाहिलेलं नाही, आणि यात वाशीमात जन्मून वाशीमातच म्हातारे झालेले सगळे आले. मी तर आलोच आलो. इवाई म्हणजे माझ्या मुलीचे सासरे, आमच्या वऱ्हाडात व्याह्याला इवाई म्हणतात. हे गृहस्थ सांगलीकडचे. डोक्याला पांढरी टोपी, खिशात बोटभर पेन्सील, हातात शाळकरी वही. लग्नाला सहा महिने होत आले होते, आणि एका सकाळी ते दोन गाड्या बदलून, आगाऊ काही न कळवता, आमच्या दारात उभे. म्हणाले, "पाव्हणं, गाव बघायला आलोय."

माझी बायको चहा ठेवायला आत गेली आणि मला खुणेने आत बोलावून घेतलं. आमच्याकडे इवाई लग्नाला येतो, मयतीला येतो, नाहीतर तक्रार घेऊन येतो. वाशीम पाहायला कोणी येत नाही. "पोरीचं काई तरी चुकलं असन," ती म्हणाली. "फोनवर पाहा ना, 'बरी आहो' याच्यापुढं बोलत नाही. तुमी इचारून पाहा." मी म्हटलं, "मी कसा इचारू? मी पोरीचा बाप आहो." मुलीच्या बापाने इवायापुढे तोंड उघडायचं नाही, टोपी-दुपट्टा द्यायचा आणि तो म्हणेल तिकडे चालायचं, ही आमची रीत. मी मोटारपंप दुरुस्तीचं दुकान बंद केलं आणि त्यांच्या मागे निघालो.

इवायांनी कुठेतरी वाचलं होतं की जुन्या काळी इथे एकशे आठ तीर्थं होती. त्यांना ती सगळी पाहायची होती. मला पद्मतीर्थ माहीत होतं आणि बालाजीच्या देवळामागचा देव तलाव, झालं. तिसऱ्या तीर्थाला मी गडबडलो आणि वाटेत लागलेल्या नगरपालिकेच्या विहिरीकडे बोट दाखवलं. इवायांनी चपला काढल्या, काठाला हात लावून कपाळाला लावला, कोणीतरी शेंदलेल्या बादलीतलं ओंजळभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "खारट हाय, पण जागृत वाटतंय." वहीत लिहूनही घेतलं. रस्त्यातली प्रत्येक पाटी ते मोठ्याने वाचत, दवाखान्याची असो की पिठाच्या गिरणीची. दिसेल त्या माणसाला गाव विचारत. आलुबोंड्याच्या गाड्यावर त्यांनी चार खाल्ले आणि पाचवा केळीच्या पानात बांधून द्या म्हणाले. गाडेवाला म्हणाला, "पान कोठून आणू बाप्पा, पेपरात देतो." तोही पेपर त्यांनी उभ्याने वाचून काढला.

मध्यमेश्वराच्या देवळात तर कमाल झाली. पृथ्वीची मध्यरेषा तिथून जाते असं म्हणतात. इवायांनी अंदाजाने रेषा ठरवली आणि तिच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, "तुम्ही उभारला असाल की न्हानपणापासनं." मी ठोकून दिलं, "हो हो, नेहमीच." तेवढ्यात पुजारी माझ्याकडे पाहून बोलले, "पयल्यांदाच दर्शनाले आले काय भाऊ? कोन्या गावचे?" माझं घर तिथून पायी दहा मिनिटांवर आहे.

दुपारून त्यांनी विचारलं, "सूनबाईची शाळा कुठली?" म्हटलं, आता चौकशी सुरू झाली. शाळेच्या फाटकाशी उभं राहून ते एकेक विचारू लागले. सायकल कुठं लावायची? मैत्रीण कोण होती? डबा कुठं बसून खायची? मला यातलं एकही सांगता येईना. मी शाळेत जायचो तो फी भरायला. शेवटी तिथल्या शिपाईणबाईने पोरीचं नाव ऐकून सांगितलं, "ते पोरगी? ते तं त्या लिंबाखाली बसे. लय बोलकी. बोलून बोलून माह्यं डोकं खाये." इवायांनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर मला राहवलं नाही. रीतभात बाजूला ठेवली आणि हात जोडून म्हणालो, "इवाई, पोरीचं काई चुकलं असन तं पोटात घाला. पण खरं काय ते सांगा."

ते चमकलेच. "चुकलं? अवो, पोर सोन्यासारखी हाय. फक्त बोलत न्हाई. एकदा जेवताना वाशीमचा विषय निघाला, तर घास हातात तसाच ठेवून बोलत सुटली. आम्हाला त्यातलं एक ठिकाण ठावं न्हवतं. नुसतं 'व्हय का, व्हय का' करत बसलो. मग पुन्हा गप्प झाली. म्हटलं, आपणच जाऊन बघून यावं. आता विषय मी काढणार."

बस आली आणि ते गेले. मी स्टँडवरच्या बाकावर बसून चारचौघांत रडलो, त्याची मला लाज वाटत नाही. चोवीस वर्षं ती माझ्या घरात होती. ती कुठल्या झाडाखाली डबा खाते हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि एका परक्या म्हाताऱ्याने त्यासाठी दोन गाड्या बदलल्या.

पुढच्या रविवारी तिचा फोन आला. "बाबा, मामा म्हणून राह्यले का तुमच्या गावात विहिरीचंबी तीर्थ आहे! काय सांगतलं हो तुमी त्याह्यले?" मागून इवायांचा आवाज आला, "जागृत हाय ती! मी स्वतः पाणी प्यालोय!" ती तिकडे तोंड करून ओरडली, "अहो मामा, ते नगरपालिकेची आहे!" मग त्या दोघांचं जुंपलं ते जुंपलंच. ती हसत होती. मी फोन कानाशी धरून ऐकत राहिलो. मध्ये बोलायला मला जागाच नव्हती.