घरघरीला जुळवलेल्या तारा

मरोळच्या गावठाणात माझ्या समोरच्या घरात राहणारा तो दोन शब्दांच्या मधे इतका थांबायचा, की बोलणं संपलं असंच वाटायचं. पूर्वी लग्नांत गिटार वाजवायचा. त्याचा अँप्लिफायर कित्येक वर्षं माळ्यावर पडून होता. एकदा त्यानं तो खाली काढला, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलल्या, जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे नवे व्हॉल्व्ह बसवले. अँप सुरू झाला, पण घूंऽऽ करतच राहिला.

"ही घरघर काढ ना रे," मी म्हटलं.

"राहू दे... चांगली आहे."

मग त्यानं नवी गिटार आणली. बघतो तर साधी लाकडी, वायर जोडायला जागाच नाही!

"अरे, मग अँप कशाला दुरुस्त केलास? डोकंबिकं फिरलंय का?"

तो नुसता हसला. रोज संध्याकाळी अँप लावायचा, त्या घरघरीला तारा जुळवायचा आणि त्याला टेकून वाजवत बसायचा. मला काही केल्या उलगडा होईना.

एकदा ऐन गाण्यात लाईट गेली. घरघर थांबली, तसा त्याचा हातही थांबला.

"तुझ्या गिटारला लाईट कशाला लागते? वाजव ना!"

अंधारात त्यानं गिटार खाली ठेवली. बोलणं संपलं समजून मी उठलो, तेव्हा म्हणाला, "एकट्यानं... नाय जमत रे."