दहा पावलं

पोस्टिंग नव्वद दिवसांचं होतं. उत्तरेकडच्या बर्फातली चौकी, माणसं आठ. मी नाईक, म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या शिंप्याचा मुलगा. माझा बडी, म्हणजे जोडीदार, लान्स नाईक महादेवा, म्हैसूरजवळच्या येलवालचा.

गेल्या आठवड्यात अग्रहारातल्या पोरांनी मला बोलायला बोलावलं. म्हणाली, सर, मोटिवेशन कसं टिकवायचं ते सांगा. मला ते माहीत नाही. वडील मला आरंभशूर म्हणायचे. अर्धी शिवलेली चड्डी टाकून मी खेळायला पळायचो. फौजेत असलं चालत नाही म्हणतात. चालतं. मी चालवलं.

रोज १७३० ला बडी तपासणी. त्या उंचीवर मेंदूला सूज आली तर ती ज्याची त्याला कळत नाही, पण चालताना तोल जातो. म्हणून बडीने बडीला टाचेला बोटं लावून सरळ रेषेत दहा पावलं चालवायचं, समोर उभं राहून बघायचं आणि रजिस्टरमध्ये 'ठीक' लिहायचं. विचारायचं नाही, बघायचं. एकसष्ट दिवस मी बघितलं, कारण महादेवा मला लोळू द्यायचा नाही.

"एळी अण्णा, उठा," म्हणायचा. "मन नसलं तरी पाय आहेत ना?"

बासष्टाव्या दिवशी बर्फ उपसून हातपाय गळाले होते. महादेवाने माझी दहा पावलं बघितली. त्याची पाळी येईपर्यंत मी स्लीपिंग बॅगमध्ये शिरलो होतो.

"ठीक ना?" मी आतूनच विचारलं.

"डोकं जरा दुखतंय. ठीक."

डोकं तिथे सगळ्यांचंच दुखतं. मी आडवा पडूनच 'ठीक' लिहिलं. वेळ १७४०.

सकाळी ०६१० ला तो उजवा बूट डाव्या पायात घालत बसला होता. मला ओळखेना. ऑक्सिजन लावला आणि रेडिओ उचलला.

"कॅज्युअल्टी एक. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"खाली ढग आहेत. पायी उतरवता येईल? ओव्हर."

"निगेटिव्ह. पहाटे वाटेवर बर्फ कोसळलाय. ओव्हर."

"थांबा."

आम्ही थांबलो. ११४० ला तो गेला. आदल्या संध्याकाळी वाट मोकळी होती, तासभर उजेडही होता. चौघांनी त्याला उचलून खाली नेलं असतं.

चौकशीत रजिस्टर बघितलं. त्यात 'ठीक' होतं, म्हणून मी सुटलो. मी तोंड उघडलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

निवृत्त होऊन म्हैसूरला आलो तेव्हा एकच ठरवलं. दर रविवारी येलवालला जायचं आणि त्याच्या आईला खरं ते सांगायचं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा अव्वा दोन महिने माझ्याशी बोलली नाही. तरी जात राहिलो. आता तिला विसर पडतो. दर रविवारी ती नव्याने विचारते, "त्या संध्याकाळी तू त्याला बघितलं होतंस ना?"

माझी बायको म्हणते, "बघितलं म्हणून टाका की. सुम्ने, उगाच म्हातारीचा जीव का खाता?"

तिचंही चुकत नाही. 'ठीक' म्हटलं की म्हातारी सुटेल आणि मीही. पण तो शब्द मी एकदा न बघता लिहिलाय.

पोरांना मी एवढंच सांगितलं की रविवारी सकाळी माझं मन कधीच नसतं. बूट घालतो आणि येलवालवरून जाणारी हुणसूरची बस पकडतो. परवाही गेलो. अव्वा दारातच बसली होती. तिने विचारलं.

"नाही, अव्वा. मी आडवा झालो होतो."

 ती म्हणाली, "माझा महादेवा उठला असता."

"हो."

उठलाच होता. त्या संध्याकाळी डोकं दुखत असताना लान्स नाईक महादेवाने माझी दहाही पावलं उभं राहून बघितली होती.