आजोबांचं मेणाचं डोकं

आमच्या आजोबांचं डोकं बैठकीच्या खोलीत कपाटावर असे. मेणाचं. पाळलेल्या मधमाश्यांच्या पेट्यांतून निघालेलं मेण साठवून त्यांनी ते स्वतःच घडवलं होतं, कारण आपला पितळी पुतळा व्हायलाच हवा याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. साच्यासाठी डोकं तयार झालं, पितळ मात्र आलंच नाही. नाक त्यांनी मूळ नाकापेक्षा बरंच सरळ केलं होतं. ते वारल्यावरही काका, म्हणजे त्यांचा मुलगा, त्या डोक्यासमोर पाय पसरून बसायला कचरत.

त्यांच्यामागे पेट्या काकूने हाती घेतल्या. ती मूळची शिवणकाम करणारी, तोंडाने फटकळ. एकदा मनात घेतलं की तिला अडवायची कुणाची टाप नाही. यंदा तिने सेंद्रिय मधाचा दाखला मिळवायचं मनावर घेतलं.

घोडं अडलं मेणापाशी. माश्यांना सरळ पोळं बांधता यावं म्हणून पेटीतल्या लाकडी चौकटीत मेणाचा पातळ पत्रा लावतात. बाजारातल्या पत्र्यात माश्यांच्या किडीवरची औषधं मुरलेली; मेण वितळवून गाळलं तरी ती जात नाहीत. काकूनेही पूर्वी तीच औषधं वापरलेली, त्यामुळे घरचं मेणही तपासणीत नापास. पत्रा न लावता चौकटी दिल्या, तर माश्यांनी नगरपालिकेला लाजवेल असं आडवंतिडवं बांधकाम केलं. या मोसमात शुद्ध मेण मिळालं नाही तर पेट्या देऊन टाकीन, असं म्हणून काकू भांडी घासता घासता रडली. मी घाबरलोच. आमच्या घरात रडवायचं खातं तिच्याकडे होतं.

मग एकदा कपाटावरची धूळ पुसताना तिचा हात थांबला. हे मेण तर त्या औषधांच्या आधीचं. तिने मानेखालचा तुकडा गुपचूप खरवडून तपासायला पाठवला. अहवाल आला: पूर्णपणे शुद्ध. जिवंतपणी आजोबांना असं कुणी म्हटलं नव्हतं.

आता काकांना कसं सांगायचं? जेवणं झाल्यावर तिने विषय काढला. अख्खे पत्रे नकोत, चौकटीच्या वरच्या कडेला बोटभर पट्टी लावली तरी माश्या सरळ बांधतात. डोक्याचं मागचं मेण घेते, ते भिंतीकडे असतं, कुणाला दिसणार नाही. ती इतक्या हळू आवाजात बोलू शकते हे मला माहीतच नव्हतं.

काका जागचे उठले. मग खुर्चीवर चढले, डोकं उतरवलं आणि मांडीवर घेऊन बसले. मी त्यांना त्या डोक्याला हात लावताना पहिल्यांदाच पाहत होतो.

"मागून नको," ते म्हणाले. "कानांपासून सुरुवात कर. माझ्यासाठी त्यांनी ते कधी वापरलेच नाहीत."

काकू सुरी घेऊन आली, पण पहिला कान काकांनीच कापला. कापण्याआधी त्या कानाला तोंड लावून ते बराच वेळ काहीतरी पुटपुटत होते. काकूने पाण्याचं पातेलं गॅसवर ठेवलं, आणि काय बोललात हे काही विचारलं नाही.